आमदार दौऱ्यावर

एसटीच्या लाल गाडीत पुढच्या बाजूला एका आसनापाशी रंगानं लिहिलेलं असतं, की ही जागा विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव आहे. महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक यांच्या राखीव जागांच्या सोबतीनं ती पाटी कितीतरी वर्षं प्रवास करते आहे. त्या जागेवर खरोखरीचा आमदार बसलेला पाहिलेले प्रवासी मात्र आता शोधावे लागतील. सांगोल्याकडच्या लोकांनी तो पाहिला आहे. गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. मध्ये फक्त १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुका ते हरले. त्यातही पहिल्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीनं त्यांना परत आणलं. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, एसटीनं येतात-जातात, हे सोलापूर जिल्ह्यात कौतुकानं सांगितलं जायचं. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनीही तेच सांगितलं.

साधेपणाच्या या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांनी एक घोटाळा केला आहे. आमदार कशानं आला हे आपण लक्षात ठेवलं आणि आल्यावर काय ऐकून गेला हे विसरलो. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी तिथून वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. अशा तालुक्यात कुठल्याही गावात, कुठल्याही पारावर बसा, बोलणं पाण्यावरच येणार. हे बोलणं पाच-पन्नास टँकरच्या मागणीवर थांबवता आलं असतं आणि बहुतेक ठिकाणी ते तसंच थांबतं. इथं ते थांबलं नाही. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि चळवळीतली इतर मंडळी तिच्या मागं उभी राहिली. कृष्णेचं पाणी उचलून या कोरड्या पट्ट्याला द्या, ही मागणी तिथून सरकारपर्यंत आणि सभागृहापर्यंत वर्षानुवर्षं नेली गेली. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं आज त्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात, त्यामागं ही सगळी पायपीट आहे.

आमदाराच्या दौऱ्याकडे या प्रकरणात याच नजरेनं पाहायचं आहे. गावात किती वेळा आला, किती हारतुरे झाले, यावरून काहीच कळत नाही. गावात ऐकलेलं पुढं कोणत्या कागदावर उतरलं, ते तपासायचं.

आधी आवाका पाहू. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ९० हजार माणसं येतात. माणसं सरासरीनं वाटता येतात, जमीन येत नाही. धारावीचा मतदारसंघ सकाळी एका टोकाला चालायला लागलं तर जेवणवेळेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचता येईल. गडचिरोलीतल्या अहेरीत मात्र अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा असे पाच तालुके एकाच आमदाराच्या पदरात आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, मग आमदार असो की औषधं, सगळंच अलीकडे थांबतं. नंदुरबारच्या अक्कलकुवा मतदारसंघात नर्मदेकाठची काही गावं अशी आहेत, की सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे तिथं बोटीनंच जाणं सोयीचं. ‘आमदार आमच्याकडे फिरकतच नाही’ हे वाक्य या तिन्ही ठिकाणी ऐकू येऊ शकतं. त्याचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा.

वेळ मात्र आमदाराकडे आपण समजतो त्याहून बराच असतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, एवढंच राज्यघटनेचं बंधन आहे. आपल्याकडे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूर कराराच्या परंपरेनं नागपुरात भरणारं हिवाळी, अशी तीन अधिवेशनं होतात. तिन्ही मिळून अलीकडच्या बहुतेक वर्षांत विधानसभेच्या बैठका पन्नासचा आकडाही गाठत नाहीत. उरलेले तीनशेहून जास्त दिवस आमदार कुठं असतो, तर मंत्रालयाच्या मजल्यांवर, मुंबई-पुण्याच्या वाटेवर आणि मतदारसंघात. त्याची खरी नोकरी सभागृहाबाहेरची आहे, असं म्हटलं तर त्यात चूक फारशी नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर सभागृहात मत कुठं द्यायचं हेही पक्षादेश ठरवतो. स्वतःच्या मर्जीनं काही करण्याची जागा उरली ती मतदारसंघातच.

तालुक्याच्या गावी आमदाराच्या घराबाहेर सकाळी सातपासून चपलांचा ढीग लागतो. आत सतरंजीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद: सातबारा, रेशनकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याचा अंदाजपत्रकाचा कागद, घडी पडून मऊ झालेलं निवेदन. कोणाच्या शिवारातला डीपी जळून आठ दिवस झालेत आणि ऊस वाळतो आहे. कोणाचा पाणंद रस्ता शेजाऱ्यानं नांगरून टाकला. एका म्हातारीचा संजय गांधी निराधारचा पगार बंद झाला आहे, कारण अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही. पोराची बदली, पोरीचा प्रवेश, भावकीतल्या भांडणात पोलिसांनी घेतलेली एकतर्फी तक्रार. आमदार ऐकतो, पीएकडे बघतो, पीए फोन लावून देतो. ‘साहेब बोलतायत.’ पलीकडे कधी तहसीलदार, कधी महावितरणचा उपअभियंता. दोन मिनिटांत पुढचा माणूस.

या सगळ्यातलं कायदा करणाऱ्याचं काम कोणतं? एकही नाही. डीपी बदलणं महावितरणचं काम, पाणंद मोकळी करणं तहसीलदाराचं, पगार सुरू करणंही त्याच कचेरीचं. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे असं सांगणारा लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ पासून आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तरीही माणूस तिथं न जाता आमदाराच्या सतरंजीवर येऊन बसतो.

राजकारणाच्या अभ्यासक जेनिफर बसेल यांनी भारतातल्या लोकप्रतिनिधींच्या याच कामाचा मोठा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०१९ साली आलं. त्यांच्या निष्कर्षातला एक भाग आपल्या रूढ समजुतीला धक्का देणारा आहे. आमदार-खासदारांकडे येणारी बरीच माणसं खालच्या पायरीवर अडलेली असतात. गावातला पुढारी किंवा सरपंच विरोधी गटाचा असतो, तो दाद देत नाही, म्हणून ती वर येतात. आणि वरचा लोकप्रतिनिधी अशा वेळी बहुधा मत कोणाला दिलंस हे विचारत बसत नाही. त्याला ते कळायला मार्गही नसतो आणि कळून फायदाही नसतो. एका फोननं एक घर जोडलं जात असेल तर तो फोन करतो. गावपातळीवर राजकारण जितकं कडवट, तितका आमदाराचा वाडा भरलेला, हा माझा त्यावरचा निष्कर्ष. २०२२ पासून राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिका निवडणुकांअभावी प्रशासकांकडे गेल्या आणि काही वर्षं तशाच राहिल्या. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, मग गटारीपासून सगळ्याच तक्रारी आमदाराच्या दारात. या काळात आमदारांचं महत्त्व वाढलं असं कोणी म्हणतं. मला वाटतं, त्यांचं काम खाली घसरलं.

फोनइतकंच चलन शिफारसपत्राला आहे. आमदाराच्या लेटरहेडवरचं ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य कायद्यानं कोणाला बांधत नाही. आमदाराला तलाठ्यालाही हुकूम देण्याचा अधिकार नाही. पण पत्राची दखल घेणं प्रशासनाला भाग असतं. खासदारांच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यानंतरच्या १५ दिवसांत द्यावं, अशा सूचना केंद्रानं २०११ मध्ये दिल्या होत्या. महाराष्ट्र शासनही असे निर्णय काढत आलं आहे. नोव्हेंबर २०२५ मधल्या निर्णयात तर लोकप्रतिनिधी कचेरीत आले की अधिकाऱ्यानं उठून उभं राहावं, इथपर्यंत शिष्टाचार सांगितला गेला. हाच शिष्टाचार पिशवी घेऊन आलेल्या म्हातारीसाठी कोणी काढला असता, तर सतरंजीवरची निम्मी गर्दी ओसरली असती. या पत्राचा सर्वांत मोठा उपयोग दवाखान्यात होतो. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू आहे. हक्क आहे, पण खाट ‘रिकामी नाही’. आमदाराच्या माणसाचा फोन गेला की ती कधी कधी रिकामी होते. टाटा किंवा केईएममध्ये उपचाराला आलेल्या गावाकडच्या माणसांसाठी मुंबईतलं आमदार निवास ही पिढ्यान्‌पिढ्या हक्काची पथारी राहिली आहे.

आता पैशांचं बोलू, कारण दौऱ्यातलं नारळ फोडणं त्यावर चालतं. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये झाला. हा पैसा आमदाराच्या हातात पडत नाही. तो कामं सुचवतो आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. ऐकायला पाच कोटी मोठे वाटतात. मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावामागं वर्षाला पाच लाख. त्यात एक सभामंडप होईल किंवा एखाद्या गल्लीत काँक्रीट पडेल. म्हणून गावचे कार्यकर्ते ‘आमदार फंडातून नको, पंचवीस-पंधरातून द्या’ म्हणतात. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून मंजूर होतात. मंजुरी मुंबईहून येते, त्यामुळे कोणाचा आमदार सत्तेच्या किती जवळ, यावर त्या लेखाशीर्षाची गंगा वळते. लेखाशीर्षाचा आकडा गावातल्या पोरांना तोंडपाठ असतो. अर्थसंकल्प म्हणजे काय ते सांगता येणार नाही, पण पंचवीस-पंधरा माहीत. मी तरी याला अडाणीपणा म्हणणार नाही. पैसा कुठून येतो हे त्यांना नेमकं कळलेलं आहे.

गाठीभेटींचा आणखी एक प्रकार आहे, ज्यावर बाहेरचे लोक हसतात. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता, कुस्त्यांचा आखाडा, दहावा, तेरावा. लग्नसराईत एका दिवसात पंधरा-वीस मांडवांत अक्षता टाकून निघणारे आमदार आहेत. सुखाच्या प्रसंगाला चुकलं तर माणसं समजून घेतात, दुःखाच्या प्रसंगाला चुकलेलं पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहतं. म्हणून नदीकाठच्या दहाव्याला श्रद्धांजलीच्या भाषणांची रांग लागते. यात वेळ वाया जातो असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. मांडवात तक्रारी सांगता येत नाहीत हे खरं; पण ज्याला एरवी आमदाराच्या दारात जायला लाज वाटते, तो तिथं बाजूला घेऊन दोन शब्द बोलून टाकतो.

परदेशात हे असंच चालतं का? अमेरिकेतले अभ्यासक रिचर्ड फेनो १९७० च्या दशकात प्रतिनिधीगृहाच्या अठरा सदस्यांबरोबर त्यांच्या त्यांच्या मतदारसंघात हिंडले आणि १९७८ साली त्यांनी ‘होम स्टाईल’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की सदस्याच्या मनात मतदारसंघ एक नसतो, एकात एक अशी चार वर्तुळं असतात. नकाशावरचा सगळा भाग, त्यात आपल्याला मत देणारे, त्यात काहीही झालं तरी सोडून न जाणारे आणि अगदी आत जिवाभावाची चार माणसं. दौरा बाहेरच्या वर्तुळाच्या नावानं निघतो आणि बहुतेक वेळ आतल्या दोन वर्तुळांतच संपतो. आपल्याकडे गाड्यांचा ताफा कोणाच्या अंगणात चहाला थांबतो ते पाहा, फेनो कळायला पुस्तक वाचावं लागत नाही. या सवयीवरचा एक उपाय आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांनी काढला. ते १९८१ मध्ये सिनेटवर गेले. राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्यांत, मग तिथं मतं मिळोत न मिळोत, दरवर्षी किमान एकदा जाऊन प्रश्न घ्यायचे, असा परिपाठ त्यांनी ठेवला. आता तिथले इतर उमेदवारही सगळ्या काउंट्या फिरण्याला त्यांचंच नाव देतात.

उलट टोकाला ब्रिटिश संसद सदस्य एडमंड बर्क. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांसमोर त्यानं ठणकावून सांगितलं, की प्रतिनिधी तुमचा निरोप्या नसतो, त्यानं स्वतःच्या विवेकबुद्धीनं निर्णय घ्यायचा असतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत हे भाषण अजून शिकवलं जातं. त्यानंतरच्या सहा वर्षांत बर्क ब्रिस्टलला फारच क्वचित फिरकला. आयर्लंडशी व्यापार, कॅथलिकांना सवलती, या प्रश्नांवर त्याची भूमिका शहरातल्या व्यापाऱ्यांना पटेना, आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसताच त्यानं तिथली उमेदवारी मागं घेतली. त्या प्रश्नांवर बर्क बरोबर होता असं आज बहुतेक जण म्हणतील. पण बरोबर असणं मतदारांना घरी जाऊन समजावून सांगावं लागतं. ते काम दुसऱ्या कोणाकडून होत नाही.

भेटण्याची किंमत काहींनी जीव देऊन मोजली. ब्रिटनमध्ये खासदार बहुधा शुक्रवारी मतदारसंघातल्या वाचनालयात किंवा चर्चमध्ये लोकांना भेटायला बसतात. १६ जून २०१६ रोजी खासदार जो कॉक्स यांची अशाच भेटीला जाताना हत्या झाली, १५ ऑक्टोबर २०२१ रोजी डेव्हिड एमेस यांची भेटी सुरू असताना. अमेरिकेत ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉनच्या एका दुकानाबाहेर मतदारांशी बोलणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या वाचल्या, पण भोवतालचे सहा जण गेले. आपल्याकडे राग वेगळ्या वाटेनं येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावागावांनी वेशीवर फलक लावून पुढाऱ्यांना गावबंदी केली, आणि ३० ऑक्टोबरला माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवलं गेलं. जाळपोळीचं समर्थन कोणी शहाणा करणार नाही. गावबंदीनं मात्र एक गोष्ट दाखवली: दौरा ही आमदाराची मेहेरबानी नाही, त्याला वेशीतून आत घ्यायचं की नाही हे गाव ठरवू शकतं.

दौऱ्यात ऐकलेलं कायद्यापर्यंत जाऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्राचंच आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. परिषदेच्या सभापतीला गावोगाव हिंडण्याची गरज नव्हती. तरी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात त्यांनी शेतमजुरांची अवस्था पाहिली आणि मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग तिथं करून घेतला. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. शहरातल्या नोकरदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जातो तो तिच्या खर्चासाठी सुरू झाला. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर हा नमुना होता. विसापुरातल्या शेकडो मजुरांना पागे एकेक चिठ्ठी देऊ शकले असते. मजूर त्यांचे आभार मानत घरी गेले असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले असते.

एकाच प्रकारच्या तक्रारीची पंचवीस निवेदनं पीएच्या फाइलीत जमली, की ती तक्रार फोनची राहत नाही, सभागृहाची होते. ठशाअभावी पगार बंद झालेली म्हातारी एका गावात नाही. तिच्यासाठी तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे, आणि नागरिकांचं गाऱ्हाणं सभागृहापुढं नेणारी विनंती अर्ज समितीही आहे. ही सगळी हत्यारं आमदाराकडेच आहेत, तहसीलदाराकडे नाहीत. ती न वापरता रोज पन्नास फोन करणारा आमदार लोकप्रिय होऊ शकतो, पुन्हा निवडूनही येऊ शकतो. आमदार म्हणून त्याचं काम मात्र झालेलं नसतं.

मतदारांनाही यात करण्यासारखं आहे. पंचायत समितीची वार्षिक आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली भरते. तालुक्यातले सगळे खातेप्रमुख व्यासपीठावर आणि कोणाही गावकऱ्याला उभं राहून प्रश्न विचारायची मुभा, असा हा एकच दिवस. अनेक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही आणि कोणी विचारतही नाही. तुमच्या तालुक्याची शेवटची आमसभा कधी झाली, हे पंचायत समितीत जाऊन विचारा. आमदाराला निवेदन द्याल तेव्हा दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. अधिवेशन संपलं की विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचा वृत्तांत येतो, तो मराठीत असतो आणि फुकट असतो. त्यात तुमच्या आमदाराचं नाव शोधा.